शेवटचा थांबा कोणत्या कप्प्यात?

४ फेब्रुवारी

दादा,

तू त्या बसड्रायव्हरचा हात मोडलास, असं वहिनीने फोनवर सांगितलं. दोघांनी त्याला धरून ठेवलं आणि तू जॅकचा दांडा घातलास. कुठला हात, ते तिला माहीत नव्हतं. मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती चिडली, "ताई, हात कुठला याचं काय पडलंय तुम्हाला?" मला पडलंय. उजवा असेल तर त्याला घास भरवायलाही आता दुसरं माणूस लागेल.

काय करू, अभिनंदन करू तुझं? दोघांनी धरलेल्या माणसाला मारलंस, मोठा पराक्रम झाला. बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी तोच दांडा घेऊन तुला स्टँडभर पळवलं असतं. आणि मी त्यांच्या मागून पळाले असते, तुला वाचवायला नव्हे, माझेही दोन हात साफ करायला.

दोन वर्षं तू माझं तोंड बघत नाहीस, म्हणून लिहितेय. फोन तू माझा आवाज ऐकला की ठेवतोस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

हो, तो तोच ड्रायव्हर आहे, ज्याच्या बसने शेवटच्या थांब्यावर बाबांना कठड्याला चिरडलं. मी ते विसरलेले नाही. मी तिथेच होते, तिकीटखिडकीकडे तोंड करून. आवाज ऐकला आणि वळले, तेव्हा बाबांचं अर्धं अंग बसमागे होतं आणि अर्धं कठड्यावरून लोंबत होतं. तोंडातून आधी काहीच आलं नाही, मग एकदम रक्त आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, हेही मला सांगता येत नाही. तुला हवं होतं मी पोलिसांना सांगावं, की ड्रायव्हरने आरशात बाबांना पाहिलं, हसला आणि मुद्दाम बस मागे घेतली. मी म्हटलं, मी पाहिलं नाही. तू ठाण्याच्या व्हरांड्यात, हवालदारासमोर, माझ्या कानाखाली जाळ काढलास. "बाप मेला आणि हिला बघायला डोळे नव्हते," म्हणालास. सर्दी झाली की तो कान अजून बंद होतो.

पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. मी खोटं बोलले असते तर कदाचित मिटलं नसतं. हे मी रोज स्वतःला ऐकवते, तू वेगळं ऐकवायची गरज नाही.

आता बसवाले तुला सोडणार नाहीत. तुझी व्हॅन त्यांचे उतारू पळवते म्हणून ते आधीच टपलेत. थोडे दिवस वहिनीला घेऊन माझ्याकडे ये. खोली लहान आहे, पण मी ऑफिसात असते दिवसभर. मला बघावं लागणार नाही तुला.

ठकू


१९ फेब्रुवारी

दादा,

दवाखान्यात तू भिंतीकडे तोंड केलंस. ठीक आहे. भिंतीकडे बघणाऱ्या माणसाची मान तरी शाबूत आहे, एवढं मला कळलं. डोक्याचे टाके मी डॉक्टरांकडून विचारून घेतले. डाव्या डोळ्याची सूज उतरेल म्हणतात.

वहिनी माझ्याजवळ बाकावर बसून होती. प्लास्टरचा हात तिने मांडीवर असा ठेवला होता, जणू कुणाचं सामान सांभाळतेय. तिने सगळं सांगितलं. बसवाले भरल्या बसमधून आले, उतारूंना खाली उतरवलं, बस तुझ्या व्हॅनवर घातली. तू बाहेर पडलास तर तुला कठड्याजवळ नेलं, बाबांच्याच जागी, आणि पाळीपाळीने लाथा घातल्या. वहिनी डबा घेऊन आली होती. ती मध्ये पडली तर एकाने तिचा हात पिळून पाठीमागे नेला आणि मोडेपर्यंत नेला. "मोडल्यावर त्याने सोडला," ती म्हणाली, "काम झाल्यासारखा." मग व्हॅन पेटवली. बाबांची व्हॅन.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्टेपलर भिंतीवर फेकून मारला. पोपडा उडाला भिंतीचा. आमचे भिंगवाले शांतपणे उठले, स्टेपलर आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बाई, मोडला नाही. पुन्हा फेकता येईल." भिंगवाले म्हणजे माझे जोडीदार वाचक. जाड भिंग घेऊन वाचतात, हसतात कधी ते कळत नाही.

तुला माझं काम कधी कळलं नाही. तू म्हणायचास, ठकू कागदांना चिठ्ठ्या डकवते. तसंच आहे. शहरं, गावं, प्रदेश आणि वाहतूक यांच्या अर्थकारणावर जगात जे संशोधन होतं, ते आमच्याकडे येतं. आम्ही ते वाचून ठरवायचं, हे कुठल्या कप्प्यातलं. शहरातल्या जागांचे भाव वेगळे, गावची शेतजमीन वेगळी, रस्ते आणि भाडी वेगळी. प्रदेश म्हणजे नक्की काय, ते अजून कुणालाच कळलेलं नाही, त्यामुळे जे कुठेच बसत नाही ते तिथे जातं. एका निबंधाला एकच मुख्य क्रमांक. उद्या कुणी शोधायला आलं तर त्याला तो त्याच कप्प्यात सापडणार. चुकीच्या कप्प्यात गेला की गेला, मेल्यासारखा.

प्रत्येक निबंध दोघं जण वेगवेगळा वाचतात. क्रमांक जुळला नाही तर समोरासमोर बसायचं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायचं, एक पान तू, एक पान मी, एकजण मान्य करेपर्यंत. तोवर त्यातलं अक्षर बाहेर सांगायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. अर्धवट वाचलेल्या गोष्टीला लोक पुरी समजतात, म्हणून.

तुझं प्रकरण घडलं त्याच आठवड्यात एक निबंध आलाय. शहरांच्या कडेच्या शेवटच्या थांब्यांवर. बसवाले आणि खासगी गाडीवाले यांच्या मारामाऱ्यांवर. भिंगवाले म्हणतात, वाहतूक. मी म्हणते, शहरातली जमीन. समोरासमोर बसणार आहोत.

वहिनीला मी घरी नेलंय. ती डाव्या हाताने कणीक मळायला बघते आणि रडते. तू बरा हो आधी.

ठकू


२६ फेब्रुवारी

दादा,

वाचन अजून संपलेलं नाही आणि मी तुला सांगतेय. भिंगवाल्यांना कळलं तर माझ्याशी बोलणं बंद करतील. करू देत.

वहिनीने सांगितलं, तू घरी आल्यावर पहिलं काम केलंस ते लोखंडी सळई कापून आणायचं. चार तुकडे केलेस म्हणे. बसमालकाच्या घरी जायचं ठरलंय. त्याला कायमचा झोपवून येऊ, असं तुझे दोस्त म्हणाले आणि तू नाही म्हणाला नाहीस.

दादा, बसमालक तुझा वैरी नाहीच. हे नीट वाच, हवं तर दोनदा वाच. तो निबंध लिहिणाऱ्याने कितीतरी शहरं पाहिली आहेत. जिथे जिथे शेवटच्या थांब्यावर बसवाले आणि गाडीवाले एकमेकांची डोकी फोडतात, तिथे तिथे थांब्याच्या आजूबाजूच्या जमिनीची खरेदी-विक्री चाललेली असते. लोक घाबरतात, दुकानं बंद पडतात, भाव कोसळतो, कुणीतरी शांतपणे जागा उचलतो आणि मग तिथे इमारती येतात. तू आणि तो बसमालक, तुम्ही दोघं एकमेकांच्या गाड्या जाळताय आणि तिसराच शेकत बसलाय. भांडण भाड्याचं नाही, उतारूंचंही नाही. भांडण पायाखालच्या जमिनीचं आहे आणि ती दोघांपैकी कुणाचीच नाही.

म्हणजे तू त्या बिचाऱ्या मालकाला मारून मोकळा होशील, फासावर जाशील, आणि ज्याने हे सगळं पेटवलं तो तुझ्या अंत्ययात्रेलाही येणार नाही. सळया टाकून दे. वहिनीच्या हातासाठी टाक. मी तुला कधी काही मागितलं नाही, लहानपणीच्या त्या सायकलशिवाय, आणि ती तू दिली नाहीसच.

ठकू


३ मार्च

दादा,

घरी पोचलास ना? मला अजून खरं वाटत नाही.

पहारेकऱ्याने येऊन सांगितलं, "खाली डोकं बांधलेला एकजण बसलाय, भाऊ म्हणतोय तुमचा," तेव्हा मी जिन्यावरून धावत आले, चप्पल एक वरच राहिली. तू हसलास. बाबा हसायचे तसाच, एका बाजूने, आता तर सुजेमुळे जास्तच एका बाजूने. माझा डबा तू पुसून खाल्लास आणि म्हणालास, "तुझ्या वहिनीचा हात बरा होऊ दे, तुला कुणी स्वयंपाक शिकवला नाही." आणि चहा तू बशीत ओतून प्यायलास, आमच्या कँटीनमध्ये, संचालकांसमोर. मला कुणाचीही लाज वाटली नाही. कुणी काही बोललं असतं तर मी ती बशी त्याच्या डोक्यात घातली असती.

माझं पत्र घडी करून तुझ्या खिशात होतं. तू ते वाचलं होतंस! तुला सगळं समजलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. "म्हणजे बसवाला आणि मी, दोघं गाढव," म्हणालास. मी म्हटलं, दोघं गाढव. सळया तू भंगारात दिल्यास हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

मग तू विचारलंस, "पण हा तिसरा कोण? इथला, आपल्या थांब्यावरचा?" मी म्हटलं, निबंधात आपल्या थांब्याचं नाव नाही. तू म्हणालास, "तू एवढी शिकलेली, तुझा काय अंदाज?" कितीतरी दिवसांनी तू मला अंदाज विचारलास. मी सांगितलं, तो मोजणीवाला बघ. खाकी पिशवी घेऊन येतो, जरा लंगडतो, कठड्यापासून पानपट्टीपर्यंत टेप धरतो आणि कुणाशी बोलत नाही. बाबा गेल्यापासूनच यायला लागलाय. कुणासाठी मोजतो, कुणाला माहीत नाही. तू मान हलवलीस, "टेपवाला," म्हणालास, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेलास.

भिंगवाले खिडकीतून बघत होते. वर गेल्यावर म्हणाले, "बाई, पंधरावं पान तुमच्याकडे आहे. बसायचं का?" मी म्हटलं, आज नको, आज मी खुशीत आहे.

रविवारी मी येते. वहिनीला सांग, भाजी मी चिरीन.

तुझी ठकू


१४ मार्च

दादा,

कोठडीत पत्र देतात की नाही, माहीत नाही. आधी उघडून वाचतात म्हणे. वाचू देत, यात आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

टेपवाला काल गेला.

मी दवाखान्यात गेले होते. तुला भेटायला आले होते त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर. तो तोंडाने श्वास घेत होता, कारण नाक उरलं नव्हतं. जबडा तारांनी बांधला होता. तू त्याच्याच टेपच्या लोखंडी डबीने मारलंस ना? नर्स म्हणाली, कपाळावर गोल खुणा आहेत, एकसारख्या, शिक्का मारल्यासारख्या. सळया खरंच भंगारात दिल्या होत्यास, एवढा शब्द पाळलास.

थांब्यावरच्या लोकांनी मला सांगितलं. तू त्याला विचारलंस, "कुणासाठी मोजतोस?" तो म्हणाला, "ऑफिससाठी." तू पुन्हा विचारलंस. त्याने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तू विचारलंच नाहीस. तो खाली पडल्यावरही हात वर करून टेप मागत होता, म्हणे. सरकारी टेप होती, हरवली तर पगारातून कापतात. उतारू उभे होते, बस उभी होती, कुणी पुढे झालं नाही. बसमालक स्वतः तिथे होता. तो बघत होता आणि त्याला काहीच कळत नव्हतं, आपल्याला का नाही मारत हा.

तो छपरासाठी मोजत होता, दादा. बस एका बाजूला, गाड्या दुसऱ्या बाजूला आणि मध्ये माणसांना उभं राहायला छप्पर आणि फरसबंदी. बाबा चिरडले गेले म्हणून मंजूर झालं होतं. हे त्याच्या बायकोने सांगितलं. ती बाहेर बसली होती. मी कोण, ते मी तिला सांगितलं नाही. तिने मला पाणी दिलं.

आणि निबंध. तू कोठडीत गेल्यावर भिंगवाल्यांनी माझ्या हातात शेवटची पानं दिली आणि म्हणाले, मोठ्याने वाचा. मी वाचली. लिहिणाऱ्याने लिहिलंय, की काही शहरांत मारामाऱ्या आधी आणि जमिनीचे सौदे नंतर झाले, काही शहरांत उलटं झालं, आणि कशामुळे काय झालं हे सांगता येत नाही. सांगता येत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. ही पानं मी एकटीने आधीच वाचली होती. तुला लिहिताना सोडून दिली, कारण तू बसमालकाला मारायला निघाला होतास आणि मला तुला थांबवायचं होतं. मला वाटलं, एकदा तुला कळलं की हे तुझ्या वैऱ्याचं प्रकरण नाही, की तू मारामारीच सोडशील. आमच्याकडे तसंच असतं. कप्पा चुकला असं सिद्ध झालं की निबंध उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा, विषय संपला. मी कप्पा बदलला आणि तू फक्त माणूस बदललास. हे मला सुचलंच नाही, दादा. वहिनीला सुचलं असतं, पानपट्टीवाल्यालासुद्धा सुचलं असतं.

मला तुझी शिसारी येते आणि तू जेवलास का, हेही विचारावंसं वाटतं. दोन्ही खरं आहे.

ठकू


२ एप्रिल

दादा,

हे पत्र टाकणार नाही, नुसतं लिहून ठेवतेय, तिकडे उघडून वाचतात. वहिनी आली होती. प्लास्टर काढलंय, मनगट वाकडं जुळलंय.

तिने वकिलाचं सगळं सांगितलं. म्हणे धक्का लागला, बाचाबाची झाली, तू नुकताच मार खाऊन उठलेला, डोकं फिरलं, हात चालला. रागाच्या भरात. असं ठरलं तर काही वर्षांत तू बाहेर येशील. मोजणीवाल्याशी तुझं वैर नव्हतं, तू त्याला ओळखतही नव्हतास, हे सगळ्यांना माहीत आहे. माझी पत्रं वहिनीने चुलीत घातली, कोठडीतून न उघडता परत आलेलंही माझ्याकडून मागून घेऊन. तू ऑफिसात येऊन त्याच्याबद्दल विचारलंस, माझ्याकडून खूण करून घेतलीस आणि मग जाऊन त्याची वाट बघत थांबलास, हे जगात फक्त मला माहीत आहे.

मी म्हटलं, "वहिनी, तो ठरवून गेला होता."

तिने वाकड्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. लागलं तिलाच जास्त. हात पोटाशी धरून ती खाली बसली, तशीच बसून म्हणाली, "ताई, बापाच्या वेळी तोंड उघडलं नाहीत. आता माझ्या नवऱ्याच्या वेळी उघडणार? आमच्याच घरावर का तुमचं खरेपण?" मी तिचं मनगट तेल लावून चोळलं. ती चोळू देत होती आणि मला शिव्या देत होती.

जाताना तिने तुझा निरोप सांगितला. "तिला म्हणावं, काही पाहिलं नाही असं सांग. तुला ते जमतं."

दादा, हे तू हसून म्हणालास की रागाने? वहिनीला मी विचारलं, ती म्हणाली, कसंही नाही, नुसतं म्हणाले.

मी ऑफिसात गेले आणि भिंगवाल्यांना सगळं सांगितलं. वाटलं, ते सल्ला देतील. त्यांनी भिंग पुसलं आणि म्हणाले, "बाई, मी तुमचा जोडीदार निबंधापुरता. यात मला वाचायला बसवू नका." मला एवढा राग आला, की मी त्यांच्या टेबलावरचे चारही ट्रे जमिनीवर उलथले. शहर, गाव, प्रदेश, वाहतूक, सगळं एकात एक. मग दोघांनी बसून वेचलं. तो निबंध माझ्याच हाताला लागला. त्याला अजून क्रमांक नाही.

ठकू


२० एप्रिल

दादा,

मी सांगून आले.

तुझ्या वकिलाकडून तुला कळेलच, पण आधी माझ्याकडून कळावं म्हणून घरी येऊन लगेच लिहितेय. त्याच ठाण्यात, त्याच व्हरांड्यातून आत गेले. तू आलास, काय विचारलंस, मी काय सांगितलं, सगळं सांगितलं. तू हसलास तेही सांगितलं. साहेबांनी विचारलं, "हे तुम्ही कशावरून सांगता?" मी म्हटलं, मी तिथे होते, त्याच्याकडे तोंड करून बसले होते. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही बोट दाखवलंत म्हणून माणूस मेला, असं लिहायचं का?" मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. माझ्यावरही गुन्हा होऊ शकतो, म्हणाले. ऑफिसातून मला काढतीलच.

बाहेर मोजणीवाल्याची बायको उभी होती, कागद घ्यायला आलेली. या वेळी मी कोण, ते तिला सांगितलं. मला वाटलं मारेल, मी डोळे मिटून उभी राहिले. तिने नाही मारलं. ती निघून गेली, आणि ते मला सोसलं नाही.

वहिनीने दार लावून घेतलं. आतून ओरडली, की तू जन्मभर आत राहिलास तर ती माझ्या दारात येऊन स्वतःला जाळून घेईल. मी तिच्या दाराबाहेर पायरीवर बसून राहिले. तिला सोडून मी कुठे जाणार? पैसे, किराणा, तुझ्या भेटीच्या फेऱ्या, सगळं मी बघेन, ती माझं तोंड बघो की न बघो.

दादा, तुला वाटेल मी बाबांच्या वेळी तुझं ऐकलं नाही आणि आता तुझं वाटोळं केलं. वाटू दे. बाबांच्या वेळी मी तुझ्यासाठी खोटं बोलले असते तर तू माझा राहिला असतास. आता गप्प बसले असते तरी तू माझाच राहिला असतास, डबा पुसून खाल्ला असतास, टपली मारली असतीस. एवढी साधी गोष्ट होती आणि मला ती हवी होती. दोन वर्षं मी दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

तू सुटशील तेव्हा आपण दोघं म्हातारे असू. तरी माझ्याकडे ये. मारायला आलास तरी ये.

तुझी बहीण